पाटीवरचं साल

हजीऱ्याहून निघणारा महामार्ग सचिनवरून पलसाणा, बारडोली, सोनगड असा जात नवापूरजवळ महाराष्ट्रात शिरतो आणि पुढे धुळे, पारोळा, जळगाव गाठतो. सरकारदरबारी तो आता 53 क्रमांकाचा आहे. आमच्या घरात त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. खानदेशातली हजारो माणसं याच रस्त्यानं सुरतेत आली. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात फिरलं की अहिराणी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. माझे आबाही पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून असेच आले. आधी उधन्याला साध्या लूमवर कारीगर, मग हाताखालचा फिटर, आणि वॉटरजेट मशिनं आल्यावर सचिन जीआयडीसीत त्या मशिनांचा फिटर.

वॉटरजेटमध्ये धोटा नसतो. पाण्याच्या बारीक फवाऱ्याच्या जोरावर आडवा धागा या टोकाहून त्या टोकाला जातो. त्यामुळे शेडमधली फरशी बारा महिने ओली, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. सुरतेत ही मशिनं जपानहून आली, पुढे चीनहूनही आली. वापरलेली जपानी मशिनं तर कंटेनर भरभरून आली. आबांच्या मालकाकडे अशाच एका खेपेबरोबर जपानी भाषेतलं एक जाड पुस्तक आलं होतं. तेलाच्या बोटांनी कडा काळ्या पडलेलं ते पुस्तक आबा अधूनमधून घरी आणत. आकृत्या त्यांना पाठ होत्या. कुठला पंप, कुठला नॉझल, कुठला कॅम, हे ते चित्रावरून धडाधड सांगत. पण काही आकृत्यांच्या बाजूला चौकट करून जाड ठशात मजकूर असे. तिथे बोट ठेवून ते मला विचारत, “हाई काय लिखेल शे?” मी प्राथमिक शाळेत. मला कुठून येणार? चौकटीत जाड ठशात छापलंय म्हणजे बहुधा धोक्याची सूचना असणार, एवढंच आम्हा दोघांना कळत होतं. ज्या यंत्रात माणूस रोज हात घालतो त्या यंत्रावरची सूचना त्याला वाचता येऊ नये, हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालं. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते, हे महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि ओडिया कारीगरांशी हिंदी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलीला आणखी एका भाषेची भीती वाटत नाही. बारावीनंतर मला पुण्याला आत्याकडे धाडलं. दिवसा बी.कॉम. आणि संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे आहे; जर्मन, फ्रेंच, रशियन आणि जपानी शिकायला नोकरदार माणसं ऑफिस सुटल्यावर धावतपळत येतात. माझ्या वर्गात बहुतेक सगळे संगणक कंपन्यांतले होते, टोकियोला जायचं स्वप्न घेऊन आलेले. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून ‘जपानी का?’ याचं उत्तर द्यायचं होतं. मी मागाच्या पुस्तकातल्या चौकटीबद्दल बोलले. बाईंनी दुसऱ्या दिवशी मला ते पुस्तक घेऊन यायला सांगितलं.

जपानी शिकताना मराठी माणसाला सुरुवातीला फार बरं वाटतं. त्यांची अक्षरमाला आपल्या ओळीनंच चालते: स्वर आधी, मग क, स, त, न, ह, म. बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेल्या संस्कृत वर्णक्रमाचा तो ठसा आहे. क्रियापद आपल्यासारखं शेवटी, नामामागे आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय, मोठ्यांशी बोलायची वेगळी रीत. मग कांजी सुरू होतात, चिनी वळणाच्या त्या चित्राक्षरांची भिंत उभी राहते आणि निम्मा वर्ग गळतो. बाई शिस्तीच्या होत्या. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्या आम्हाला औषधाचं खोकं, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, मशीनवरची पाटी असलं काहीतरी वाचायला लावत. ‘कविता वाचायला पुढे आयुष्य आहे, आधी तारीख चुकू नका,’ म्हणत.

आणि जपानी तारीख चुकायला फार सोपी असते. सरकारी कागदावर, यंत्राच्या पाटीवर पुष्कळदा इसवी सन नसतंच. सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. बाईंनी ते आम्हाला एका वाक्यात समजावलं: शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला ना, तसंच हे, फक्त इथे दर नव्या सम्राटाबरोबर मोजणी पुन्हा एकपासून. शोवा काळातलं वर्ष असेल तर त्यात 1925 मिळवायचे. हेइसेई असेल तर 1988. 1989 हे एकच साल दोन्हींत विभागलेलं: 7 जानेवारीपर्यंत शोवा 64, 8 जानेवारीपासून हेइसेई 1. पुढे मे 2019 पासून रेइवा सुरू झालं, त्यात 2018 मिळवायचे. त्या वेळी ही बेरीज परीक्षेच्या एका गुणाची वाटली होती.

पदवी झाली, जपानीची मधली पातळीही पार झाली. वर्गातले सगळे कंपन्यांत गेले. मला सरकारी नोकरीच हवी होती. आठवड्याच्या पगारावर चाललेल्या घरातली मुलगी महिन्याच्या पक्क्या पगाराकडे ओढली जाते, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. त्याच सुमारास ज्ञानेश्वर मुळे यांचं ‘माती, पंख आणि आकाश’ वाचलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचा मुलगा परराष्ट्र सेवेत जातो, टोकियोच्या वकिलातीत काम करतो, जपानी शिकतो, हे वाचून छाती भरून आली. यूपीएससीची एवढी लांबलचक वाट पाहणं घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं. स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा, म्हणजे सीजीएल, दिली आणि सेंट्रल एक्साइजमध्ये निरीक्षक झाले. त्या परीक्षेत गणित, तर्क, इंग्रजी, सामान्यज्ञान. जपानीला गुण शून्य. सेवापुस्तकात ‘अवगत भाषा’ या रकान्यात मी ती लिहिली. पुढची कित्येक वर्षं तो रकाना कोणी उघडून पाहिला नाही.

परकीय भाषा आणि सरकारी नोकरी म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्ली येते, आणि ते चुकीचं नाही. परराष्ट्र सेवेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला प्रशिक्षणात एक परकीय भाषा नेमून दिली जाते आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा वेगळा संवर्ग आहे. संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस 1948 पासून लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आहे. आकाशवाणीची परदेश सेवा आहे, गुप्तवार्ता खाती आहेत, आणि चीनच्या सीमेवरच्या बैठकांसाठी टेरिटोरियल आर्मीनं अलीकडे मँडरिन जाणणारी माणसं घेतली आहेत. या सगळ्यात मराठी माणसांची परंपरा जुनी आहे. पुण्याचे वसंत परांजपे स्वातंत्र्याच्या सुमारास शिष्यवृत्तीवर पेकिंगला चिनी शिकायला गेले, पुढे तिथल्याच आपल्या वकिलातीत लागले, आणि ऑक्टोबर 1954 मध्ये पंडित नेहरू माओंना भेटले तेव्हा दोघांमध्ये दुभाषे म्हणून बसले. त्याच वर्षी 29 एप्रिलला झालेला पंचशीलाचा करार हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत केलेला आहे आणि तिन्ही मसुदे सारखेच ग्राह्य आहेत. अशा कागदावर एका क्रियापदाचं ओझं किती असेल, याची कल्पना करून बघावी.

आमच्या सुरतेला तर हे काहीच नवीन नाही. मोगल अमदानीत या बंदराच्या जकातीचा कारभार फारसीत चाले. इंग्रज, डच, फ्रेंच सगळ्यांच्या वखारी इथे होत्या आणि एकाही वखारीचं पान दुभाष्याशिवाय हलत नव्हतं. रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडेन गेला. कंपनीचं मुख्य ठाणं तेव्हा सुरतेत होतं. त्याच्याबरोबर बोलणी करायला नारायण शेणवी होता. पेशव्यांच्या दफ्तरात फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस असत. सचिन संस्थानाचा जन्मच मुळी अशा बोलण्यांतून झाला: जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळू मियाँनं जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि पेशव्यांनी 1791 मध्ये त्याला सुरतेजवळचा हा मुलूख दिला. मूळचं आफ्रिकेतलं घराणं, कोकणातला जलदुर्ग, पुण्याचा दरबार आणि गुजरातेतली गावं एका कागदावर आली. त्या कागदाच्या आसपास किती भाषा बोलल्या गेल्या असतील! ज्यांनी त्या इकडून तिकडे नेल्या त्या कारकुनांची नावं कुठेच उरलेली नाहीत. मला त्या कारकुनांबद्दल वकिलांपेक्षा जास्त आपुलकी वाटते, कारण माझं काम त्यांच्या जातीचं आहे.

माझं जपानी पहिल्यांदा कामी आलं ते सचिन जीआयडीसीतल्या एका वॉटरजेटच्या शेडमध्ये. जीएसटी येऊन काही महिने झाले होते. मी तेव्हा कस्टम्सच्या कामावर होते. आयात झालेल्या मालाच्या कागदांची नंतर तपासणी होते, तिला आम्ही ‘पोस्ट क्लिअरन्स ऑडिट’ म्हणतो. त्या तपासणीत वापरलेल्या जपानी मशिनांची एक फाईल अडली. मशिनं आली होती 2016 मध्ये. आयातदारानं उत्पादनाचं साल लिहिलं होतं 2000, चार्टर्ड इंजिनिअरच्या प्रमाणपत्रातही तेच. पण प्रमाणपत्राला जोडलेल्या पाटीच्या फोटोत आकडा स्पष्ट दिसत होता: 12. तपासणाऱ्याला वाटलं, 2012.

हा फरक साधा नाही. जुन्या यंत्राची किंमत त्याच्या मूळ किमतीवरून ठरवायची वेळ आली की वयाप्रमाणे घसारा धरतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच, पुढे 2, आणि सगळा मिळून जास्तीत जास्त 70 टक्के. सोळा वर्षांच्या मशीनला पूर्ण 70 टक्के सूट बसते. चार वर्षांच्या मशीनला बसते 46 टक्के. म्हणजे ड्यूटी ज्या किमतीवर लागणार ती जवळजवळ दुपटीला जाऊन भिडते. वर कस्टम्स कायद्याच्या कलम 28 खाली नोटीस, व्याज, आणि साल मुद्दाम लपवलं असं ठरलं तर दंड आणि पाच वर्षांपर्यंत मागे जायची मुभा. लहान कारखानदार त्यात बुडू शकतो.

सहकाऱ्यानं फोनचा कॅमेरा पाटीच्या फोटोवर धरून पाहिला होता. फोननं ‘हेइसेई 12’ असं अक्षरशः बरोबर वाचलं होतं. हेइसेई हे मॉडेलचं नाव असावं, असं सगळ्यांनी धरलं. चहाच्या वेळी बोलता बोलता ते माझ्या कानावर आलं आणि मी कप खाली ठेवला. आमचे सुपरिटेंडंट साहेब भले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, फोटोवरून मला नको. जागेवर जाऊन पाटी वाचा, आणि काय वाचलं ते लिहून सही करा.”

शेडचा मालक खानदेशातलाच निघाला, कधीकाळी कारीगर असलेला. माझं आडनाव ऐकताच त्यानं अहिराणीत विचारलं, “ताई, तुमनं गाव कोनतं?” मी सांगितलं आणि तिथेच थांबले. कामावर असताना गावकीचं बोलणं वाढवायचं नाही, हे मी पहिल्यापासून पाळलं आहे. मशिनं चालू होती. बंद करा म्हटलं तर त्याचा धागा तुटणार, बीमवर डाग पडणार. म्हणून एकेक मशीन थांबवत गेलो. पाटी मशीनच्या बाजूच्या चौकटीवर, गुडघ्याच्या उंचीला, चार रिव्हेटनी ठोकलेली. ओलसर रुई आणि ग्रीस यांचा थर तिच्यावर बसलेला. घासलेटच्या बोळ्यानं ती पुसली, फोनची टॉर्च तिरपी धरली. वरच्या ओळीत मशीनचा प्रकार, खाली मशीनचा नंबर, त्याखाली ‘सेइझो नेन्गेत्सु’, म्हणजे उत्पादनाचं वर्ष आणि महिना. पुढे हेइसेईची दोन अक्षरं, 12, वर्षाचं अक्षर, 5, महिन्याचं अक्षर. मे 2000. रिव्हेट मूळचे आहेत का, त्यांच्यावरचा रंग भोवतीच्या रंगाशी जुळतो का, हे पाहिलं. मशीनचा नंबर प्रमाणपत्रातल्या नंबराशी ताडला. मग पुढचं मशीन. पुन्हा 12. मालक माझ्यामागून चालत होता. मी दर वेळी काय लिहिते ते त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडा तसाच आहे हे दिसत होतं आणि त्याच्या खांद्यावरचा ताण उतरत चालला होता.

शेवटच्या रांगेत एका पाटीवर 22 निघालं. मी ती दोनदा पुसली. हेइसेई 22, म्हणजे 2010. मशीनचा नंबरही प्रमाणपत्रातल्या नंबराशी जुळेना. जपानकडच्या व्यापाऱ्यानं खेप भरताना एक मशीन बदलून टाकलं असावं. मालकाला ते ठाऊक असण्याची शक्यता मला कमी वाटली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “ताई, एकच शे.” तो ज्या भाषेत म्हणाला ती माझ्या आईची भाषा होती. मी त्याला सांगितलं, “भाऊ, बाकीच्या पाट्या मी जशा आहेत तशा लिहिल्या, म्हणून तुमचं काम होणार आहे. ही पण जशी आहे तशीच लिहावी लागेल.” त्यानं मान हलवली. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत दोन्ही गोष्टी गेल्या, अक्षरांच्या फोटोसकट, इसवी सनाच्या बेरजेसकट, आणि खाली माझी सही. साहेबांनी ती वर पाठवली. बाकी सगळ्या मशिनांचं साल 2000 हे मान्य झालं. एका मशीनची किंमत नव्यानं धरली गेली, घसारा 70 ऐवजी 62 टक्के बसला. फरकाची रक्कम त्यानं व्याजासह भरली आणि प्रकरण तिथे मिटलं.

मी आबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मशीनच्या नंबराबद्दलच विचारत राहिले. मग म्हणाले, त्यांच्या शेडमध्येही अशा पाट्या होत्या, त्यांना वाटायचं तो मशीनचा अनुक्रमांक.

हल्ली लोक म्हणतात, आता फोन सगळं वाचतो, भाषा शिकून काय करायचं? मी त्यांना हीच गोष्ट सांगते. फोननं अक्षर वाचलं, अर्थ कोणाला लागला नाही. आणि समजा उद्या त्यानं बेरीजही करून दिली, तरी सरकारी फायलीवर फोनची सही चालत नाही. नोटीस काढायची की नाही, माणसाकडून पैसे मागायचे की नाही, हे ज्या वाचनावर ठरणार त्या वाचनाखाली कोणीतरी नाव लिहून उभं राहावं लागतं. उद्या अपिलात प्रश्न आला तर ‘हे मी वाचलं आणि ते असं आहे’ म्हणावं लागतं. भाषेचं ज्ञान सरकारात कामाला येतं ते या ठिकाणी. खासगी कंपनीत दुभाष्या चुकला तर सौदा बिघडतो. सरकारी टेबलावर चुकला तर समोरच्या नागरिकावर अन्याय होतो किंवा तिजोरीचं नुकसान होतं, आणि ज्याचं नुकसान होतं त्याला चूक कुठे झाली हे कळतसुद्धा नाही, कारण ती भाषा त्याला येत नसते. म्हणून मला वाटतं, भाषा जाणणारी माणसं दिल्लीत हवीतच, पण ती बंदरावर, विमानतळावर, पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयातही हवीत. तिथे त्यांना कोणी शोधत नाही.

सचिनच्या परिसरात तर हे डोळ्यांना दिसतं. इथलं विशेष आर्थिक क्षेत्र, आम्ही ज्याला नुसतं सेझ म्हणतो, ते देशातल्या सुरुवातीच्या सेझपैकी एक. तिथल्या मालाचं इन्व्हॉइस इंग्रजीत असतं, पण खोक्यावरची चिठ्ठी, रसायनाच्या पिंपावरचा इशारा, यंत्राच्या कळपट्टीवरची अक्षरं कुठल्या तरी दुसऱ्याच लिपीत असतात. पलीकडे अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं सुरत स्थानक उभं राहतंय. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, बारा स्थानकं, जपानचं कर्ज आणि जपानचं तंत्र. रूळ काँक्रीटच्या स्लॅबवर बसवायची त्यांची पद्धत शिकवायला जपानी तज्ज्ञ येतात. आपले अभियंते आणि कामगार सुरतेच्या डेपोत ती शिकतात. मिलिमीटरच्या हिशेबात चालणाऱ्या त्या कामात मध्ये उभा राहून बोलणं इकडून तिकडे नेणारी मुलं मला भेटली आहेत. त्यातल्या एकानं पुण्यातच जपानी केलं. तो म्हणाला, सगळ्यात अवघड असतं ते जपानी माणसाचं गप्प बसणं आपल्या माणसाला समजावून सांगणं. काम रेटून नेणाऱ्या ठेकेदाराला वाटतं साहेबांनी होकार दिला. साहेब मात्र सभ्यपणे नकार देऊन बसलेला असतो. अशा मुलांना कंत्राट संपलं की निरोप न देता, रेल्वेच्या नियमित सेवेत मानाची जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं. पुढची पन्नास वर्षं त्या रुळांची देखभाल करायची आहे आणि तिची मूळ कागदपत्रं जपानीत आहेत.

गेल्या वर्षी पांडेसऱ्याची एक मुलगी माझ्याकडे आली. वडील रिक्षा चालवतात, मूळ गाव शहाद्याकडचं. कोरियन मालिका बघून बघून तिनं कोरियन शिकायला घेतलं होतं आणि घरचे म्हणत होते, हे कशाला? तिला मी खरं ते सांगितलं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत एकेकाळी फ्रेंच, जर्मन, रशियन, चिनी, अरबी, फारसी हे वैकल्पिक विषय घेता येत. आता येत नाहीत. म्हणजे भाषेच्या जोरावर परीक्षा निघेल या भरवशावर राहू नकोस. सीजीएलचं गणित आधी पक्कं कर. पण कोरियन सोडू नकोस, अधिकृत परीक्षा दे, प्रमाणपत्र जपून ठेव, कारण सरकारात जे कागदावर नाही ते कोणाला येतच नाही असं धरतात. आणि वाचायला कोरियन फ्रिजची, कोरियन औषधाची पाटी घे. मालिकेतली भाषा ऑडिटमध्ये येत नाही. ती हसली, पण वहीत सगळं लिहून घेतलं.

तिच्याशी बोलल्यावर मला एक गोष्ट करावीशी वाटली आणि ती मी केली. आमच्या आणि शेजारच्या कार्यालयांत कोणाकोणाला कुठली परकीय भाषा येते याची मी चौकशी केली. कोणाला काही येत नसेल अशी माझी समजूत होती. एक सहकारी बडोद्याला रशियनचा डिप्लोमा केलेला निघाला. एकीनं लग्नाआधी फ्रेंचच्या शिकवण्या घेतल्या होत्या. सुरतेच्या बोहरी वस्तीतला एक हवालदार अरबी सहज वाचतो. एकाचं बालपण मोझांबिकमध्ये गेलं, त्याला पोर्तुगीज येतं. या प्रत्येकाच्या सेवापुस्तकात तो रकाना भरलेला होता. मी यादी केली आणि वर एक टिपण पाठवलं: विभागानं अशी नोंदवही ठेवावी, दर दोन वर्षांनी परीक्षा घेऊन ज्ञान ताजं आहे का पाहावं, लिहिलेल्या वाचनाला जबाबदार धरावं आणि त्याबद्दल थोडा भत्ता द्यावा. टिपण परत आलं नाही, हीच मला आशेची गोष्ट वाटते. प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडा, एवढंच कळवलं आहे. त्या प्रती आता गोळा होत आहेत. अरबीवाल्या हवालदाराकडे कागदच नाही, मदरशात शिकला; त्याची परीक्षा कुठे घेता येईल ते मी शोधते आहे. रशियनवाल्याचं मूळ प्रमाणपत्र भुसावळच्या घरी राहिलंय. दिवाळीला जाईन तेव्हा आणतो म्हणाला.